विस्थापनांची बेरीज: आधी सूत्र की आधी घटक?

करवीरकर:
मी कोल्हापुरात अकरावीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवतो. सदिशांचे, म्हणजे परिमाण (आकार) आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींचे, प्रकरण वर्षाच्या सुरुवातीलाच येते आणि पुढची गती, बल, कार्य, विद्युत क्षेत्र ही सगळी प्रकरणे त्याच्यावरच उभी असतात, त्यामुळे येथे राहिलेला कच्चेपणा बारावी संपेपर्यंत पाठ सोडत नाही. मुलांना त्रिकोणमिती येत नाही असे मुळीच नाही. साइन, कोसाइन आणि टॅन यांची व्याख्या दहावीतून आलेल्या बहुतेकांना तोंडपाठ असते. अडचण अशी आहे की दिलेला कोन कोणत्या रेषेपासून मोजला आहे हे न पाहताच ती तो सूत्रात घालतात. म्हणून दोन सदिशांची बेरीज त्यांच्यामधल्या कोनावरून थेट देणारे समांतरभुज चौकोनाचे सूत्र फळ्यावर येण्यापूर्वी घटकांची पद्धत, म्हणजे प्रत्येक सदिशाचे पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर भाग वेगळे काढून बेरीज करणे, शिकवावी आणि तीही मुलांच्या ओळखीच्या नकाशावर शिकवावी, असे माझे मत झाले आहे. यावर इथल्या शिक्षकांचे आणि पालकांचे म्हणणे ऐकायला मला आवडेल.

मी वापरतो ते उदाहरण सविस्तर देतो. कोल्हापूर शहराचे अक्षांश-रेखांश साधारण १६.७० अंश उत्तर आणि ७४.२४ अंश पूर्व आहेत, पन्हाळ्याचे १६.८१ आणि ७४.११, तर विशाळगडाचे १६.९१ आणि ७३.७४. अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे १११ किमी अंतर पडते. रेखांशाच्या एका अंशाला मात्र विषुववृत्तावरच तेवढे पडते. उत्तरेकडे सरकावे तसे अक्षवृत्त लहान होत जाते आणि ते अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात लहान होते. कोल्हापूरच्या अक्षांशाचा कोसाइन ०.९५८ आहे, म्हणून आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किमीचा होतो. मुलांना त्रिकोणमितीचा हा पहिला उपयोग येथेच दिसतो आणि तो त्यांना आवडतो.

पूर्व दिशा धन आणि उत्तर दिशा धन असे ठरवले, की कोल्हापूर ते पन्हाळा हे विस्थापन (सरळ रेषेतले अंतर, दिशेसह) पूर्णांकात (−१४, +१२) किमी येते आणि पन्हाळा ते विशाळगड हे (−३९, +११) किमी येते. पहिल्याचे परिमाण १८.४ किमी असून दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे ४०.६ अंश आहे. दुसऱ्याचे परिमाण ४०.५ किमी आणि दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे १५.८ अंश. प्रश्नपत्रिकेत माहिती याच दुसऱ्या रूपात, म्हणजे परिमाण आणि कोन अशी येते. त्यामुळे मी मुलांना फक्त परिमाणे आणि कोन देतो आणि घटक त्यांच्याकडून काढून घेतो. पश्चिमेपासून कोन मोजलेला असल्यामुळे पूर्व-पश्चिम घटकासाठी कोसाइन आणि दक्षिणोत्तर घटकासाठी साइन येतो, आणि पश्चिम दिशा ऋण असल्यामुळे पहिल्या घटकाला ऋण चिन्ह आपणच द्यावे लागते. बेरीज (−५३, +२३) होते. तिचे परिमाण √(५३² + २३²), म्हणजे ५७.८ किमी, आणि दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे २३.५ अंश.

येथे एक गोष्ट मी मुद्दाम घडवून आणतो. मुलांना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर २३ भागिले −५३ यांचा व्यस्त टॅन, म्हणजे तेवढा टॅन असलेला कोन, काढायला सांगतो. उत्तर येते −२३.५ अंश. पूर्वेपासून दक्षिणेकडे २३.५ अंश अशी ही दिशा आहे, आणि त्या दिशेने ५७.८ किमी गेले तर माणूस सह्याद्रीतल्या विशाळगडावर न पोहोचता कर्नाटकात रायबागच्या आसपास पोहोचतो. भागाकारात कोणते चिन्ह अंशाचे आणि कोणते छेदाचे होते ही माहिती नष्ट होते, त्यामुळे कॅल्क्युलेटरला दुसरा चरण (येथे वायव्येकडचा चतुर्थांश) आणि चौथा चरण (आग्नेयेकडचा) यांत फरक करता येत नाही. दोन्ही घटकांची चिन्हे पाहून चरण आपण ठरवायचा असतो आणि गरज पडेल तेथे १८० अंश मिळवायचे असतात. येथे पूर्वेपासून मोजलेला खरा कोन १५६.५ अंश आहे. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते, आणि त्या कोष्टकात ० ते ९० अंशांचेच कोन असतात. एका परीने ते बरेच आहे, कारण चरणाचा विचार टाळण्याची सोयच तेथे राहत नाही.

उत्तरेश्वर_पेठ:
उदाहरण उत्तम आहे, परंतु तुमच्या क्रमाशी मी सहमत नाही. समांतरभुज चौकोनाच्या नियमाची सिद्धता मुलांना लिहिता यायला हवी, हे तर झालेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की ते सूत्र बेरजेचे स्वरूप एका दृष्टिक्षेपात दाखवते. परिणामी सदिशाच्या, म्हणजे बेरजेच्या, परिमाणाचा वर्ग म्हणजे अ² + ब² + २ अब कोसाइन थीटा; येथे अ आणि ब ही दोन सदिशांची परिमाणे आणि थीटा हा त्यांच्यामधला कोन. थीटा शून्य असेल तर साधी बेरीज होते, ९० अंश असेल तर पायथागोरसचे प्रमेय मिळते आणि १८० अंश असेल तर वजाबाकी उरते. दोन विस्थापनांची बेरीज या दोन टोकांच्या मध्येच कोठेतरी असणार, हे भान घटकांच्या आकडेमोडीत हरवते. घटक काढणारा विद्यार्थी उत्तर मिळवतो, पण ते उत्तर तेवढे का आले हे त्याला सांगता येत नाही, असे मी वर्गात पुष्कळदा पाहतो.

तुमच्याच आकड्यांवर सूत्र लावून पाहा. दोन विस्थापनांतील कोन ४०.६ वजा १५.८, म्हणजे सुमारे २४.८ अंश. १८.४ आणि ४०.५ यांचे वर्ग अनुक्रमे ३४० आणि १६४२ धरले आणि शेवटचे पद १३५६ आले, तर बेरीज ३३३८ होते आणि तिचे वर्गमूळ ५७.८ येते. चार ओळींत काम संपते.

अकरावीची_आई:
नमस्कार. मी स्वतः वाणिज्य शाखेची आहे, तरी मुलीबरोबर बसून हे सोडवण्याचा प्रयत्न केला. तिने गणितात शिकलेला कोसाइनचा नियम वापरला, म्हणजे अ² + ब² − २ अब कोसाइन, आणि कोन तोच २४.८ अंश घेतला. तिचे उत्तर २५ किमी आले. तिचे म्हणणे असे की गणिताच्या पुस्तकात ऋण चिन्ह आहे आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात धन चिन्ह आहे, म्हणजे दोघांपैकी एक पुस्तक चुकीचे असले पाहिजे. तिला काय सांगू, ते कृपया सोप्या शब्दांत सांगावे.

उत्तरेश्वर_पेठ:
ताई, दोन्ही पुस्तके बरोबर आहेत, आणि तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न या प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. त्रिकोणाचा नियम त्रिकोणाच्या आतला कोन मागतो. कोल्हापूर, पन्हाळा आणि विशाळगड हा त्रिकोण कागदावर काढलात तर पन्हाळ्यापाशी आतला कोन २४.८ अंश नसून १५५.२ अंश आहे, कारण प्रवासी पन्हाळ्यावर किंचित वळून जवळजवळ त्याच दिशेने पुढे जातो. सदिशांच्या सूत्रातला कोन वेगळा आहे. दोन्ही बाण एकाच बिंदूपासून निघाले आहेत असे मानून त्यांच्यामधला तो कोन मोजतात, आणि तो २४.८ अंश आहे. हे दोन कोन मिळून १८० अंश होतात. १८० मधून वजा केलेल्या कोनाचा कोसाइन मूळ कोसाइनइतकाच पण उलट चिन्हाचा असतो. त्यामुळे एका सूत्रातले धन आणि दुसऱ्यातले ऋण यांनी एकच उत्तर मिळते. मुलीला १५५.२ अंश घालून ऋण चिन्हाचे सूत्र पुन्हा सोडवायला सांगा, ५७.८ च येईल.

तिला आलेले २५ किमी हे उत्तरही निरर्थक नाही. दुसऱ्या विस्थापनातून पहिले वजा केले तर (−२५, −१) मिळते आणि त्याचे परिमाण २५ किमी आहे. म्हणजे तिने नकळत वजाबाकी केली. असे उत्तर आले की ते कोणत्या प्रश्नाचे आहे हे तिला शोधायला सांगावे. नुसते खोडून टाकले तर यातली मौज जाते.

करवीरकर:
सर, तुमच्या या उत्तरातूनच माझा मुद्दा पुढे येतो. सूत्र वापरायचे तर विद्यार्थ्याला आधी कोणता कोन कोठे मोजायचा हे आकृतीतून ओळखता आले पाहिजे, आणि ज्याला ते ओळखता येते त्याला घटक काढणे अवघड राहत नाही. सूत्र आधी दिले तर आकृती काढण्याची गरजच मुलांना वाटत नाही.

दिशेच्या बाबतीत तर सूत्र आणखी फसवे आहे. परिणामी सदिशाची दिशा सांगणाऱ्या सूत्रात टॅन अल्फा म्हणजे ब साइन थीटा भागिले (अ + ब कोसाइन थीटा). आपल्या आकड्यांवर ते १७.० भागिले ५५.२, म्हणजे ०.३०८, आणि अल्फा १७.१ अंश येतो. कित्येक विद्यार्थी उत्तरपत्रिकेत १७.१ अंश लिहून मोकळे होतात. परंतु अल्फा हा पहिल्या सदिशापासून मोजलेला कोन आहे, पश्चिमेपासून मोजलेला नाही. पन्हाळ्याची दिशा पश्चिमेपासून ४०.६ अंशांवर आहे आणि बेरजेचा बाण तिच्यापासून विशाळगडाच्या बाजूला १७.१ अंश झुकतो, म्हणून ४०.६ मधून १७.१ वजा करून २३.५ अंश ही खरी दिशा मिळते. मिळवायचे की वजा करायचे हे सूत्र सांगत नाही. ते आकृतीच सांगते.

तुमचे एक म्हणणे मात्र मला पूर्ण पटले. उत्तर दोन टोकांच्या मध्ये असले पाहिजे, ही तपासणी मी आजपासून पहिल्याच तासाला शिकवणार आहे. १८.४ आणि ४०.५ यांची बेरीज ५८.९ आणि फरक २२.१, दोन बाण जवळजवळ एकाच दिशेचे दिसत असतील तर उत्तर ५८.९ च्या जवळ असले पाहिजे. २५ हे उत्तर पाहताच विद्यार्थ्याने थांबावे, इतकी सवय लागली तरी पुष्कळ झाले.

साखळी_आणि_कंपास:
मी सर्वेक्षणाच्या क्षेत्रात काम केलेला माणूस आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. ट्रॅव्हर्स, म्हणजे एका स्थानकावरून दुसऱ्यावर जात केलेली मोजणी, करताना आम्ही दिवसभर हीच बेरीज करत असतो. एका स्थानकावरून पुढच्या स्थानकापर्यंतचे अंतर आणि बेअरिंग (दिशेचा कोन) घ्यायचे, त्याचे उत्तर घटक आणि पूर्व घटक काढायचे आणि रकान्यात मांडत जायचे. फरक एवढाच की पूर्ण वर्तुळाचे बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. त्यामुळे पूर्व घटक अंतर गुणिले साइन आणि उत्तर घटक अंतर गुणिले कोसाइन असतो. आडव्या घटकाला नेहमी कोसाइनच येतो असे घोकलेली मुले अभियांत्रिकीला येतात तेव्हा त्यांची ट्रॅव्हर्सची अख्खी पाने उलटी होतात. ज्या अक्षापासून कोन मोजला त्या अक्षावरच्या घटकाला कोसाइन येतो, एवढेच सांगावे. आडवा आणि उभा हे शब्दच काढू नयेत.

करवीरकर यांच्या उदाहरणात कोल्हापूरहून पन्हाळ्याचे बेअरिंग ३१०.६ अंश येते. त्याचा साइन −०.७५९ आणि कोसाइन ०.६५१ आहे. १८.४४ ने गुणले की पूर्व घटक −१४.० आणि उत्तर घटक १२.० मिळतो. येथे पश्चिमेचे ऋण चिन्ह आपण द्यावे लागले नाही, ते कोनातूनच आले. सर्व कोन एकाच अक्षापासून एकाच दिशेने फिरत मोजले तर चिन्हांची चिंता संपते, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. लॉग टेबलवर काम करणाऱ्याला मात्र ३६० मधून वजा करून लघुकोनावर यावेच लागते.

आणखी एक तपासणी सुचवतो. फिरून मूळ स्थानकावर आले की सगळ्या पूर्व घटकांची बेरीज शून्य आणि सगळ्या उत्तर घटकांची बेरीजही शून्य झाली पाहिजे. प्रत्यक्ष मोजणीत ती नेमकी शून्य कधीच होत नाही. उरते ती क्लोजिंग एरर, आणि ती मर्यादेत असेल तर बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकतात. मुलांनी टेप आणि साधा कंपास घेऊन रंकाळ्याच्या काठाने एक बंद ट्रॅव्हर्स करावा. निघालो तेथेच परत आलो तर विस्थापन शून्य, हे वाक्य पुस्तकात वाचणे आणि आपल्याच आकड्यांतून काही मीटरांच्या चुकीसह ते उतरताना पाहणे यांत फार अंतर आहे.

पायवाट:
पन्हाळा ते विशाळगड या वाटेने मी पावसाळ्यात चाललेलो आहे, म्हणून थोडे लिहितो. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून याच दिशेने विशाळगडाला गेले, हे आपल्या भागातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते; त्यामुळे उदाहरणाची निवड मला फार आवडली. सरळ रेषेत ४०.५ किमी दिसणारे हे अंतर पायांना मात्र कितीतरी अधिक पडते, कारण वाट ओढे, धारा आणि खिंडी पाहून वळते. अंतर आणि विस्थापन यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

माझी शंका अशी आहे. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. मग कोल्हापूर ते पन्हाळा या विस्थापनात ती उंची का धरलेली नाही?

करवीरकर:
धरायला हवी, आणि धरली तर तिसरा घटक मिळतो: (−१४, +१२, +०.४). आता परिमाण काढताना ०.४ चा वर्ग ०.१६ होतो. ३४० च्या जागी ३४०.१६ चे वर्गमूळ घ्यायचे आहे आणि त्यामुळे उत्तर १८.४३९ ऐवजी १८.४४३ किमी येते. ४०० मीटर चढूनही विस्थापनाच्या परिमाणात जेमतेम चार मीटरांची भर पडली. चढणाऱ्याच्या श्वासाला हे मान्य होणार नाही, पण काटकोनात असलेला लहान घटक परिमाणावर किती कमी परिणाम करतो हे यातून स्वच्छ दिसते. हेच ४०० मीटर आपण पायथ्यापासून, म्हणजे आडवे अंतर एक किमी असताना मोजले, तर √१.१६ म्हणजे १.०७७ किमी होते आणि भर ७७ मीटरांची पडते. कोणता घटक सोडून द्यायचा हे त्याच्या स्वतःच्या आकारावर ठरत नाही, शेजारच्या घटकांशी असलेल्या प्रमाणावर ठरते.

दूरदृष्टी:
चर्चा वाचताना एक मूलभूत शंका आली. पृथ्वी गोल आहे. मग सपाट कागदावरची सदिशांची बेरीज येथे चालते हे कशावरून धरले? आणि सदिशांची बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तीच येते, हा नियमही गोलावर टिकतो का?

साखळी_आणि_कंपास:
आपल्या जिल्ह्याएवढ्या भागात चालते. कोल्हापूरच्या आणि विशाळगडाच्या अक्षांशांच्या कोसाइनमध्ये हजारात एकाच्या आसपास फरक आहे, म्हणजे ३९ किमीमध्ये सुमारे ४० मीटर. करवीरकरांनी अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंत घेतले आहेत आणि ०.०१ अंश म्हणजेच एक किमीहून अधिक अंतर होते. त्यामुळे पृथ्वीच्या गोलपणाची चूक आकडे पूर्णांकात घेण्याच्या चुकीत बुडून जाते. याच कारणाने ५७.८ मधल्या दशांश चिन्हापुढच्या अंकावर फार भिस्त ठेवू नये. पद्धती एकमेकींशी ताडून पाहण्यापुरताच तो ठीक आहे. नकाशावरचे उत्तर सांगताना ५८ किमी म्हणावे.

लांबच्या प्रवासात मात्र क्रम बदलला की जागा बदलते. कोल्हापूरहून आधी १००० किमी उत्तरेला गेलो तर सुमारे २५.७ अंश अक्षांशावर पोहोचतो. तेथे रेखांशाचा अंश १०० किमीचा असतो, म्हणून पूर्वेकडे १००० किमी गेल्यावर १० अंश सरकतो. आधी पूर्वेकडे १००० किमी गेलो तर १०६ किमीचा एक अंश, म्हणून ९.४ अंशच सरकतो, आणि मग उत्तरेला गेल्यावर तेच रेखांश राहते. दोन मुक्कामांत सुमारे ६० किमीचे अंतर पडते. हा सदिशांच्या नियमाचा दोष नाही. पृष्ठभागावर वाकत जाणाऱ्या पूर्व आणि उत्तर या दिशा प्रत्येक ठिकाणी थोड्या बदलतात, म्हणजे आपण बेरीज करतो ते बाण एकाच अक्षांवर मांडलेले नसतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे तीन स्थिर अक्ष घेतले तर बेरीज पुन्हा कोणत्याही क्रमाने तीच येते.

अकरावीची_आई:
मुलीने १५५.२ अंश घेऊन ५७.८ काढले. त्यानंतर तिने साइनच्या नियमाने (त्रिकोणाची बाजू भागिले तिच्यासमोरच्या कोनाचा साइन हे तिन्ही बाजूंना सारखे) कोल्हापूरपाशी असलेला कोनही काढला आणि तो १७.१ आला, जो वर दिलेल्या अल्फाशी जुळतो. पण पन्हाळ्यापाशी असलेला कोन त्याच नियमाने काढायला गेली तर २४.८ येतो, १५५.२ येत नाही. असे का?

उत्तरेश्वर_पेठ:
ताई, २४.८ आणि १५५.२ या दोन्ही कोनांचा साइन एकच, ०.४२ आहे. कोष्टक किंवा कॅल्क्युलेटर त्यांतला लहान कोनच देतो. म्हणून त्रिकोणात सर्वांत मोठ्या बाजूसमोरचा कोन साइनच्या नियमाने काढू नये, ५७.८ ही येथे सर्वांत मोठी बाजू आहे आणि तिच्यासमोरचा कोन विशालकोन आहे. तो कोसाइनच्या नियमाने काढावा, कारण विशालकोनाचा कोसाइन ऋण असतो आणि त्यामुळे संदिग्धता राहत नाही. उरलेले दोन कोन लघुकोनच असणार, तेथे साइनचा नियम निर्धास्त वापरावा.

करवीरकर सर, क्रमाविषयी माझे मत अजून बदललेले नाही, परंतु पुढच्या वर्षी सूत्र शिकवताना मी आधी दोन्ही कोन आकृतीत काढून घेईन आणि तेच उदाहरण त्याच तासाला घटकांनीही सोडवून घेईन. दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत पुढचे उदाहरण देणार नाही.

करवीरकर:
तसे केलेत तर आपल्या दोघांच्या वर्गांत फारसा फरक उरणार नाही. ताई, तुमच्या मुलीसाठी एक उदाहरण देतो. कोल्हापूरहून इचलकरंजी साधारण पूर्वेला २३ किमी आणि कागल दक्षिणेकडे १३ व पूर्वेकडे ९ किमी, असे धरून कागलहून इचलकरंजीचे विस्थापन काढायला सांगा. येथे बेरीज नाही, वजाबाकी आहे, आणि कोणातून कोण वजा करायचे हे तिने आधी आकृतीवरून ठरवावे. उत्तर येथे लिहिले तर सगळे मिळून तपासू.

अकरावीची_आई:
(+१४, +१३), परिमाण १९.१ किमी, दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे ४२.९ अंश. दोन्ही घटक धन असल्यामुळे चरणाचा प्रश्न आला नाही, असे तिने खाली लिहिले आहे.